सुभेदाराच्या गाडीचा ऑइल पंप

आष्ट्यात इस्लामपूरच्या रस्त्याला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि बरोबर समोर आकाराम मिस्त्रीचं गॅरेज. मधे नुसता रस्ता. माझ्याकडं गिऱ्हाईक नसलं की मी समोर बघतो, त्याच्याकडं काम नसलं की तो माझ्याकडं बघतो. माणूस काउंटरवर काय मागतो यापेक्षा कसा मागतो यावरून मी त्याची नोंद डोक्यात ठेवतो. जो आल्या आल्या ‘ओरिजिनल हाय का’ असं दरडावून विचारतो, तो शेवटी डुप्लिकेट घेऊन जातो. जो जुना पार्ट पिशवीतून काढतो, काउंटरवर ठेवतो आणि गप उभा राहतो, तो खरा मिस्त्री.

आकारामची मुलगी साक्षी या दुसऱ्या प्रकारातली. साताऱ्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढून ती गेल्या दिवाळीत घरी आली आणि बापाला म्हणाली, इंजिनचं काम मी बघणार. आकारामचे गुडघे वाकायला नको म्हणत होते, म्हणून त्यानं हो म्हटलं. पण हो म्हणतानाही त्यानं पुतण्या जयराजकडं एक डोळा ठेवला होता. जयराज ब्रेकचं आणि चाकांचं काम करतो, आणि इंजिनच्या टेबलाकडं असा बघतो, जसं लग्नाच्या पंगतीत दुसऱ्या पानावरच्या जिलेबीकडं बघावं.

साक्षीनं पहिलं इंजिन उघडलं ते केरबा सुभेदाराचं. सुभेदार फौजेतून रिटायर झालेले, पलूसच्या अलीकडं त्यांचा ऊस आहे. गाडी ते स्वतः धुतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. इंजिन धूर टाकायला लागलं तसं ते आकारामला म्हणाले, “मिस्त्री, सगळं खोला. पण परत माझ्या गाडीखाली एक थेंब दिसला न्हाई पायजे.”

साक्षीनं सगळं खोललं, घासलं, बदललं. ऑइल पंप नवीन टाकला. हा पंप इंजिनाच्या पुढच्या अंगाला बसतो आणि खालच्या चेंबरमधलं तेल उचलून वर सगळीकडं पोचवतो. पूर्वीच्या इंजिनांत पंप आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, यांच्या मधे कागदाचं पॅकिंग असायचं. या गाडीत कागद नाही. ट्यूबमधल्या सिलिकॉनची बारीक रेघ ओढायची, पंप बसवायचा, बोल्ट क्रमानं आवळायचे आणि सुकू द्यायचं. ट्यूब एकदा फोडली की तोंडाशी घट्ट होते, म्हणून साक्षी ती आधी आणून ठेवत नव्हती. पंप बसवायच्या वेळेला रस्ता ओलांडून यायची आणि ताजी ट्यूब घेऊन जायची.

गाडी गेली, आणि आठवडा भरायच्या आत सुभेदार माझ्या दुकानासमोर उतरले. त्यांच्या हातात घडी घातलेला पेपर होता. समोर जाऊन त्यांनी तो आकारामच्या टेबलावर उलगडला. पानाच्या मधोमध तेलाचा काळा डाग, चांगला भाकरीएवढा.

“रोज रात्री गाडीखाली पेपर अंथरतोय मी,” सुभेदार म्हणाले. “कालचा हा. परवाचा घरी हाय, तो जरा लहान होता.”

साक्षीनं गाडी वर घेतली, बॅटरी मारली. तेल पंपाच्या जोडातून येत होतं, खालच्या कोपऱ्यातून. पट्टा, पुली, चेंबर असं सगळं परत काढून पंप सोडवायचा म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम. तिनं ते केलं. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडलं, थिनरनं पुसलं, माझ्याकडून नवी ट्यूब नेली, पंप परत बसवला.

आणि सुभेदार परत पेपर घेऊन आले. या खेपेला डाग मोठा होता. अग्रलेख पूर्ण भिजला होता.

त्या दिवशी आकाराम सगळ्यांसमोर बोलला. जयराज होता, सुभेदार होते, मी चहाच्या निमित्तानं तिथंच होतो.

“साक्षे, आता ही शेवटची बारी. अजून एकदा गळलं तर इंजिनचं टेबल जयराजकडं. तू सर्व्हिसिंग बघ, ऑइल बदली बघ.”

“आबा, चूक कुठं हाय ते तरी कळू दे मला.”

“चूक हातात असती. आणि कुठं असती?”

जयराज खाली बघून पाना पुसत होता. आधीच पुसलेला पाना.

साक्षी तिथून उठली ती सरळ माझ्या दुकानात आली. मला वाटलं, रडायला आली. तसं काही नव्हतं.

“अण्णा, ट्यूब किती जुनी होती?”

“म्हंजे? माझ्या मालावर आलीस व्हय?”

“सगळ्यावरच येणाराय. तुमच्यापासनं सुरुवात केली.”

मी बॉक्स काढून तिच्यापुढं ठेवला. तारीख ताजी होती. तिनं एक ट्यूब फोडून पत्र्याच्या तुकड्यावर रेघ ओढली, दुसरा तुकडा वर दाबला आणि काउंटरच्या कोपऱ्यात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी येऊन ओढून बघितलं तर पत्रा वाकला, जोड सुटला नाही. माझी निर्दोष सुटका झाली. ट्यूबचे पैसे मात्र मी मागितले नाहीत, कारण तिच्या तोंडावर असा भाव होता की मीच तिचं काहीतरी देणं लागतो.

मग पंपावर संशय आला. पंप वाकडा असेल. त्या दिवशी तिनं पंप परत एकदा काढला आणि सरळ पट्टी त्यावर आडवी, उभी, तिरकी धरून खालून फट मोजायच्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पाती घालून बघितली. पाती कुठंच शिरेना. ब्लॉकचीही तीच तऱ्हा. पंप काढायच्या आधी बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळल्याचा जोर, जयराजकडून तपासून घेतला होता, मुद्दाम त्याच्याकडूनच, म्हणजे नंतर त्यानं नाव ठेवायला नको. त्यालाही काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

दुपारी ती परत आली. हातात पंपावरून निघालेल्या सिलिकॉनचा तुकडा होता, राखाडी, रबरासारखा.

“अण्णा, ह्यात एक गंमत हाय बघा. बाकी सगळीकडचं सिलिकॉन नखानंसुद्धा निघंना. एवढी घासाघीस केली तरी कण कण धरून बसलंय. आणि खालच्या कोपऱ्यातलं हे असं आख्खं निघालं, केळीच्या सालागत. मागल्या बारीलाबी हितंच असंच निघालं होतं. तवा मी लक्ष दिलं न्हाई.”

“म्हंजे तिथं चिकटलंच न्हाई.”

“चिकटलंच न्हाई. का चिकटलं न्हाई?”

माझी बायको चंदनबाला आत बसून नट-बोल्टच्या पुड्या करत होती. दुकानात तिचं लक्ष नसतं असं गिऱ्हाइकांना वाटतं. साक्षी तो तुकडा नळाखाली धरून अंगाच्या साबणानं धुवायला लागली, तेल निघून खालची बाजू नीट दिसावी म्हणून. आणि तुकड्याच्या पाठीवर दोन डाग होते, शेजारी शेजारी. त्यातला एक फिकट पिवळा डाग साबण लागताच तांबडा व्हायला लागला.

साक्षीनं हात थांबवला. “हे काय झालं?”

चंदनबालानं मान वर केली. “हळद हाय ती.”

“काकी, इंजिनात हळद कुठली?”

“कुठली का असंना, हळद हाय. पांढऱ्या कापडावर डाग पडला आणि साबण लावला की असाच तांबडा होतो. कोणत्या घरात ठाऊक न्हाई हे? हे आमचे सोडून.” आमचे म्हणजे मी.

“आणि शेजारचा?”

“हळदीच्या शेजारी काय असतंय?”

साक्षी तशीच उभी राहिली. नळ चालू होता, तो मी बंद केला. मग तिनं मला विचारलं, “अण्णा, मी ट्यूब न्यायला येती तवा समोर काय चाललेलं असतंय?”

समोर काय चाललेलं असतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आकाराम मिस्त्रीकडं एक पद्धत आहे, त्याच्या बापापासूनची. इंजिन बांधायला घ्यायच्या दिवशी गिऱ्हाइकाला घरधनिणीसकट बोलवायचं. ती इंजिनाला हळदकुंकू लावते, नारळ फोडते, आणि मगच पहिला बोल्ट लागतो. ट्रॅक्टर असो, टेंपो असो, नाहीतर बोअरची मोटर. पूजा होईपर्यंत बाकीच्यांनी काम थांबवायचं. साक्षी तेवढ्यात ट्यूब न्यायला माझ्याकडं यायची, कारण रिकामं उभं राहणं तिला जमत नाही. तिनं ब्लॉकला लागलेलं कुंकू बघितलेलं होतं. ते बाहेरच्या बाजूला होतं, त्यानं काही बिघडत नव्हतं.

पण सुभेदारांच्या घरच्या बनुबाई ब्लॉकवर थांबल्या नव्हत्या. त्या टेबलाकडंही गेल्या होत्या, नवीन पंप पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवलेला होता तिकडं. मी काउंटरवरून बघितलं होतं. आकारामनं कापड बाजूला केलं होतं, त्यांनी वाकून बोट टेकवलं होतं, आणि नंतर आकारामनं खांद्यावरचं फडकं काढून काहीतरी पुसलं होतं. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं, फक्त त्या दिवशी बनुबाई टेबलाशी जास्त वेळ होत्या. हे सगळं मी साक्षीला सांगितलं.

ती रस्ता ओलांडून गेली. मीही गेलो. दुकान चंदनबालाच्या भरवशावर सोडलं, एवढं मला बघायचं होतं.

“आबा, बनुकाकींनी पंपाला हळदकुकू लावलं होतं?”

“लावलं की.”

“कुठं?”

आकारामनं टेबलावरचा पंप उचलला आणि सरळ घासलेल्या, आरशासारख्या बाजूवर बोट ठेवलं. खालच्या कोपऱ्यात, तिथं जागा जरा रुंद होती. “हितं. चांगली जागा बघून लावलं त्यांनी.”

“आणि कुकू कोरडं होतं?”

“लोखंडावर कोरडं बसतंय व्हय? खोबरेल घेतलं होतं बोटावर. वघळायला लागलं, तवा मी पुसून काढलं. तुला राग येतो म्हणून.”

“कशानं पुसलं?”

आकारामचा हात खांद्याकडं गेला आणि तिथंच थांबला. त्या फडक्यात ग्रीस आहे, डिझेल आहे, सगळ्या तालुक्यातल्या गाड्यांचं थोडं थोडं तेल आहे. ते फडकं धुतलेलं मी कधी बघितलेलं नाही.

मग आकाराम म्हणाला, आणि त्यात भांडण नव्हतं, खरंच कळत नसल्यासारखं म्हणाला, “पण जन्मभर असंच करत आलोय मी. कागदी पॅकिंगला कधी काय झालं न्हाई. उलट आमी कागदाला ग्रीस लावून बसवायचो.”

“कागदाला चालतंय आबा. कागद तेल पिऊन फुगतो आणि बसतो. ह्याला कोरडंठाक लोखंड लागतंय. तेलाचा नुसता हात लागला तरी तेवढ्या जागंवर धरत न्हाई.” मग ती थांबली. “मीबी लावायच्या आधी परत एकदा पुसायला पायजे होतं. झाकलेलं होतं म्हणून पुसलं न्हाई.”

“मग झालं तर,” आकाराम पटकन म्हणाला. “दोघांचीबी चूक. आता परत बसव आणि विषय संपव.”

“विषय कसा संपंल? सगळा स्टँड म्हणतोय आकारामच्या पोरीचं इंजिन गळतंय. तुमी सगळ्यांसमोर टेबल काढून घेतो म्हणाला. आता सगळ्यांसमोरच सांगा.”

आकारामनं माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम रस्त्यावरच्या एसटीकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यानं कुणासमोर चूक कबूल केल्याची माझ्याकडं एकही नोंद नाही. एकदा त्यानं टेंपोचा गिअरबॉक्स उलटा बसवला होता, तेव्हाही दोष त्यानं टेंपोला दिला होता.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आणि बनुबाई आले. आकारामनं त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, पद्धतीप्रमाणं. बनुबाईंच्या हातात या वेळी मोठं ताट होतं. हळदकुंकू, उदबत्ती, नारळ, फुलं आणि खोबरेल तेलाची भरलेली बाटली.

“दोनदा गळलं म्हंजे माझंच काहीतरी कमी पडलं,” त्या म्हणाल्या. “पहिल्या बारीला नुसता टिकला लावला. दुसऱ्या बारीला जरा नीट लावलं. आज सगळं साग्रसंगीत करते.”

म्हणजे डाग का वाढला, हे त्यांनीच सांगून टाकलं. जयराज खोकला.

पंप टेबलावर होता, पुसून कोरडा केलेला. बनुबाई तिकडं निघाल्या तशी साक्षी आडवी आली, पण हसून.

“काकी, जरा थांबा. तुमी हिकडल्याच बाजूला का लावता?”

“मग? ही बाजू कशी लख्ख हाय. दुसरीकडं सगळं खरबरीत, काळपट. देवाला कुणी पाठीला कुकू लावतंय व्हय गं?”

“ही बाजू इंजिनाला चिकटती. आत जाती. परत कुणालाच दिसत न्हाई. पंपाचा दर्शनी भाग ह्यो हिकडला, खरबरीत. गाडी जिकडं चालती तिकडं त्याचं तोंड असतंय.”

बनुबाईंनी पंप फिरवून बघितला, पदरानं धरून. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण रागाची नव्हती. भाजी निवडताना असते तशी.

“आणि हे करतंय तरी काय?”

“खालून तेल उचलून वर सगळ्यांना पोचवतंय.”

“म्हंजे पंगतीतला वाढप्या.”

“तसंच. पण जोडातून तेल बाहेर सांडलं तर वाढप्याच्या पातेल्याला भोक पडल्यागत हुतंय. शेवटच्या पानापर्यंत काय पोचत न्हाई.”

“आणि मग शेवटचा उपाशी.”

“उपाशी न्हाई, जळतोय.”

बनुबाईंनी पंप हळूच खाली ठेवला. मग आपल्या बोटाकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं. त्या हुशार बाई आहेत, एवढं सांगितल्यावर पुढचं सांगायची गरज नव्हती. सांगितलं असतं तर त्यांना लागलं असतं, आणि साक्षी सांगणारही नव्हती. ती बापाकडं बघत उभी राहिली.

सगळेच आकारामकडं बघायला लागले. सुभेदारांना आपण कशाची वाट बघतोय ते ठाऊक नव्हतं, पण फौजेतल्या माणसाला रांगेतली शांतता कळते.

आकारामनं खांद्यावरचं फडकं काढलं आणि हातात धरलं.

“सुभेदार, मी शोध लावला,” तो म्हणाला.

साक्षीच्या भुवया वर गेल्या. माझ्याही.

“मी शोध लावला की जोडात तेलकट राहिलं की हे नवीन सिलिकॉन धरत न्हाई. आणि तेलकट राहिलं ते ह्या फडक्यामुळं. फडकं माझं. पुसलं मीच. दोन्ही बाऱ्यांना. पोरीनं साफ करून झाकून ठेवलेलं, ते मी उघडून पुसलं.” मग थोडं थांबून, जयराजकडं न बघता, “पोरीचं काम बरोबर होतं.”

बनुबाईंचं नाव त्यानं घेतलं नाही. एवढं मात्र त्याच्या बाजूला मांडायला पाहिजे.

“मिस्त्री,” सुभेदार म्हणाले, “म्हंजे दोन्हीवेळा डाग तुमचा?”

“व्हय.”

“मग कागद फुकट आणलं मी पोरीला दाखवायला.”

शोध कुणाचा यावर साक्षी बोलली नाही. तिनं पंपाच्या आतल्या चक्रांत व्हॅसलिन भरलं, म्हणजे पहिल्या फेऱ्याला पंप कोरडा फिरू नये, मग हात धुतले आणि कोरड्या नव्या कापडानं पंपाचा आणि ब्लॉकचा जोड परत एकदा पुसला. मग सिलिकॉनची रेघ ओढली. बारीक, सलग, बोल्टच्या भोकांच्या आतून. बनुबाई पदर तोंडाशी धरून वाकून बघत होत्या.

“एवढंच? मला वाटलं चांगलं थापटत असशील.”

“जास्त लावलं तर आत सरकतंय काकी, आणि तेलाचा रस्ता अडतोय.”

“रांगोळीच की.”

पंप बसला, बोल्ट आवळले. मग साक्षी बाजूला झाली. “आता लावा कुकू. हितं. सगळ्यात पुढं.”

बनुबाईंनी खोबरेलात बोट बुडवून पंपाच्या त्या खरबरीत, दर्शनी अंगावर हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं, ते घसरलं, परत ठेवलं. नारळ सुभेदारांनी फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा बनुबाईंनी साक्षीला दिला, दुसरा जयराजला. आकारामला मिळेपर्यंत करवंटीच्या कडेचा तुकडा राहिला होता.

“चला, आता स्टार्ट करून बघू,” सुभेदार म्हणाले.

“उद्या. चोवीस तास सुकू दे. आज तेलसुद्धा भरायचं न्हाई.”

“आता? नुसतं एक मिनिट?”

“न्हाई.”

सुभेदारांनी आकारामकडं बघितलं, आकारामनं छताकडं बघितलं. “ऑर्डर हाय म्हणायचं,” सुभेदार म्हणाले, आणि दोघं एसटीनं गेले.

पुढच्या आठवड्यात सुभेदार परत आले, परत पेपर घेऊन. मी काउंटर सोडून दारात आलो. त्यांनी आकारामच्या टेबलावर पेपर उलगडला. पान कोरडं होतं. दुसरं उलगडलं, तेही कोरडं. मग माझ्याकडं येऊन ते स्टुलावर बसले आणि तोच पेपर वाचायला लागले. बरेच दिवस वाचायला मिळाला नव्हता म्हणाले, अग्रलेख तर मुळीच नाही.

ते वाचत असतानाच आटपाडीकडचा एक माणूस टेंपो घेऊन समोर थांबला. इंजिनातून ठोका येत होता, इकडं दुकानात ऐकू येईल एवढा. आकाराम पुढं झाला, बॉनेट उघडलं, कान लावला. जयराजही सरकत सरकत टेंपोजवळ आला.

“खोलायला लागंल,” आकाराम म्हणाला.

“किती दिवस लागतील मिस्त्री? डाळिंबं तोडायला आलीत माझी.”

एरवी आकाराम अशा वेळी बोटं मोजून दिवस सांगतो आणि त्याच्या दुप्पट लावतो. या वेळी त्याचं बोट वर गेलं आणि परत खाली आलं.

“थांबा,” तो म्हणाला, “इंजिनचं विचारून सांगतो,” आणि हात पाठीमागं बांधून आत साक्षीच्या टेबलाकडं गेला. टेबलापासून हातभर अलीकडं थांबला.